कर्ण्यामागून ऐकलेलं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात टिळकवाडीच्या एका वाचकाचं पत्र आलं होतं. बेळगावच्या मातीत गाणं होतं, ते डीजेवाल्यांनी मारलं आणि आत्ताच्या पोरांना कानच राहिले नाहीत, असा त्याचा एकंदर सूर. पत्र मनापासून लिहिलेलं आहे, मी दोनदा वाचलं. पण त्यातल्या मारेकऱ्यांत माझा डीजेवाला मुलगा येतो, आणि खरं सांगायचं तर त्याच्या आधी मी येतो. म्हणून हे उत्तर. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी वडगावचा. वय ७१. १९६९ ते २०१६ अशी सत्तेचाळीस वर्षं मी स्पीकर लावले. मंडप नाही, भांडी नाही, खुर्च्या नाहीत, नुसता स्पीकर. घर विणकराचं. वडील मागावर बसायचे, मीही बसलो असतो, पण मामाचं शहापुरात स्पीकरचं दुकान होतं आणि त्याला वायरी गुंडाळायला पोरगं पाहिजे होतं. दुकानात माल काय, तर अहुजाचे दोन अ‍ॅम्प्लिफायर, चार कर्णे, दोन माइक, एक रेकॉर्ड प्लेअर आणि एक मोटारीची बॅटरी, कारण आम्ही जायचो त्यातल्या बऱ्याच गावांत वीज नव्हती. व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर चालू केला की लगेच आवाज येत नसे. आतल्या नळ्या हळूहळू तांबूस व्हायच्या, धूळ जळल्याचा वास यायचा, आणि मग कुठं मामा माइकवर बोट आपटायचा. मराठी गाव असलं की "हॅलो, एक, दोन, तीन". कानडी गाव असलं की "ओंदु, एरडु, मूरु". १ नोव्हेंबरला मात्र तो कुठल्याच भाषेत आकडे मोजत नसे. एकीकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडं मराठी मंडळींचा काळा दिन, आणि दोन्हीकडचं गिऱ्हाईक ओळखीचं. मामाला त्या दिवशी दरसाल ताप यायचा.

आमच्या धंद्यात ज्याची सुपारी त्याचं गाणं. आवडनिवड ही तिकीट काढून येणाऱ्याची चैन. न आवडलं तर तो उठून जातो. स्पीकरवाल्याला अ‍ॅम्प्लिफायर सोडून उठता येत नाही, त्यामुळं मी सगळंच ऐकलं. खानापूर तालुक्यात सप्ताह असला तर सात दिवस ज्ञानेश्वरी आणि टाळ. मधेच एका रात्री बारशाला जाऊन फिल्मी तबकड्या. मार्गशीर्षाच्या पुनवेला सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं आणि "उदो". परत येईपर्यंत शहरात नाट्यगीतांचा कार्यक्रम ठरलेला, समोर कानटोपी घातलेली सगळी जुनी मंडळी, आणि त्यांच्यातला एक तरी बालगंधर्वांची आठवण सांगून गाणाऱ्या पोराचा घाम काढणारा. संगीत नाटकाचं हे वेड आमच्या जिल्ह्यातूनच निघालं म्हणायला हरकत नाही. १८८० साली पुण्यात शाकुंतल उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर इथल्याच गुर्लहोसूरचे.

आणि पारिजात. टिळकवाडीच्या पत्रात याचा उल्लेखही नाही, याचं मला आश्चर्य वाटलं नाही. शहरातल्या मराठी घरांत श्रीकृष्ण पारिजात हे लोकनाट्य कानडी म्हणून बाजूला राहिलं. गोकाककडच्या माळावर रात्री दहाला सुरू झालेला हा खेळ उजाडेपर्यंत चालतो. कुलगोडच्या तम्मण्णानं रचलेला, कौजलगीच्या निंगम्मानं गाजवलेला. यातली माणसं मोकळ्या रानात आवाज टाकायला शिकलेली. ती माइकसमोर आली की कर्ण्याचं युनिट फाटतंय का काय, अशी आम्हाला धास्ती. मामा माइकवर रुमालाच्या दोन घड्या बांधायचा आणि तरीही आवाज एकदम कमी ठेवायचा. मला पहिल्या वर्षी त्यातलं अक्षर कळलं नाही. तिसऱ्या वर्षी सत्यभामा रुसली की मला कळायला लागलं. आठव्या वर्षी त्याच पंचक्रोशीतली मुलगी करून घरी आणली. तिला लग्नात मराठीची चार वाक्यं येत होती, त्यातली दोन रागावल्यावरची.

आता थोडं यंत्राबद्दल, कारण गाणं मारलं ते यंत्रानं असं पत्रलेखकाचं म्हणणं आहे. कर्ण्यातून खर्ज जात नाही. लोखंडी कर्णा हा मुळात बोलणं लांब पोचवायला केलेला. तो वरचा आवाज फेकतो आणि खालचा गिळतो. लग्नाच्या गाण्यांना ते चालून जातं. मी पहिल्यांदा बैठकीला गेलो तेव्हा सवयीनं दोन कर्णे झाडाला बांधले. पेटीवाले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी हात जोडून ते उतरवायला लावले आणि म्हणाले, "अरे, गवयांचा निम्मा आवाज तू झाडावरच ठेवलास." मग मामानं कुठून तरी एक लाकडी पेटीचा स्पीकर भाड्यानं आणला. तेव्हापासून बैठकीला कर्णा न्यायचा नाही हे मी शिकलो. धारवाड आकाशवाणीवर गंगूबाई हनगल लागल्या की ते पुन्हा पटायचं. त्यांचा तो खाली उतरणारा, बाईचा का बुवाचा हे न कळणारा आवाज कर्ण्यातून ऐकवला असता तर त्यातलं काय उरलं असतं? याच गंगूबाई अकरा वर्षांच्या असताना १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींसमोर स्वागतगीत गायल्या होत्या. तेही पत्रलेखकांच्या टिळकवाडीत.

बेळगावात पेटीला जो मान आहे तो दुसरीकडं मी पाहिला नाही. १९४० पासून तीसेक वर्षं आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं होतं. विदेशी वाद्य, मींड म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं निघत नाही, वगैरे. त्याच काळात कागवाडहून आलेले रामभाऊ विजापुरे इथं पोरांना पेटी शिकवत होते. २०१० साली ते गेले तेव्हा वय ९३. गवयांच्या तीन पिढ्यांना त्यांनी साथ केली. मी त्यांच्यासमोर माइक ठेवला की ते एक बोट वर करायचे. म्हणजे माइक एक बोट लांब सरकव. बस्स, एवढंच. वरच्या गवयापेक्षा पेटी मोठी ऐकू येऊ नये याची काळजी साथीदारालाच जास्त, हे मी त्या एका बोटावरून शिकलो.

बरं, यंत्रानं गाणं मारलं म्हणता, तर आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांचं बघा. भीमसेन जोशींना गदगेत दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी कानावर पडली, झिंझोटीतली ठुमरी, "पिया बिन नहीं आवत चैन". पोरगं वेडं झालं आणि अकराव्या वर्षी घर सोडून गुरू शोधायला पळालं. दुसरे कुमार गंधर्व. इथून पंधरा-वीस किलोमीटरवरच्या सुळेभावीत, त्याच १९२४ साली जन्मलेले. सहा-सात वर्षांचं पोर तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांचं गाणं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. त्या तबकड्या फिरवणारा कोणीतरी दुकानदार किंवा शेजारी असणारच. त्याचं नाव कुठं नाही, आणि असावं असंही नाही. पण यंत्राला शिव्या देताना तो आठवावा. सुळेभावीत मी स्वतः चार लग्नं केलीत. चारही वेळा मला "नाचायचं काहीतरी लाव" असंच सांगितलं गेलं. कुमारांच्या गावातल्या माणसांनाही लग्नात नाचावंसं वाटतं, त्यात वावगं काही नाही.

आता माझी फजिती सांगतो. १९८३ चा श्रावण. शहापुरातला एक जुना वाडा. गायक धारवाडकडचे. नाव लिहीत नाही, कारण फजिती माझी आहे आणि लोक नावच वाचतील. सत्तर-ऐंशी माणूस दाटीवाटीनं बसलेला, बागेश्रीचा ख्याल चालू. मधेच आवाज दबल्यासारखा वाटला म्हणून मी नॉब पूर्ण वर नेला. वायर सैल झाली असेल असं वाटलं होतं, पण दाब उतरत होता, आणि पुढच्या क्षणी दिवेच गेले. बेळगावात श्रावणात दिवे जाणं ही काही बातमी नव्हे. आतून कंदील आला. गायक थांबलेच नाहीत. मला वाटलं, आता मागची माणसं ओरडणार. उलट मागची माणसं पुढं सरकली. पुढच्यांनी मांड्या आवळून त्यांना जागा दिली. पानाचा डबा मिटला. एक आजीबाई वारा घालत होत्या, त्यांनी पंखा मांडीवर ठेवला, कारण त्याचाही फटफट आवाज येत होता. कौलांवर पाऊस, दोन तंबोरे, आणि तो आवाज. जवळजवळ पाऊण तास मला काही काम नव्हतं. चौदा वर्षं धंद्यात काढून गाणं चालू असताना माझे हात रिकामे असल्याची ती पहिलीच वेळ.

मग दिवे आले. सगळ्यांनी एकदा बल्बकडं बघितलं, मीही बघितलं, आणि नॉब वर राहिलाय हे साफ विसरलो. व्हॉल्व्हच्या यंत्राचा गुण मी वर सांगितलाच, आवाज लगेच येत नाही. अर्ध्या मिनिटानं नळ्या तापल्या आणि गायक समेवर येता येता माझ्या माइकनं जी शिट्टी मारली, ती वाड्याबाहेरच्या कुत्र्यानंही उत्तर दिलं अशी. मी उडी मारून बटण बंद केलं. कुणीच बोलेना. पेटीवाल्यांनी हळूच एक पट्टी दाबून बघितली आणि म्हणाले, "तीव्र मध्यम आहे. बागेश्रीत बसत नाही." सगळा वाडा हसला, गायकही हसले. मला म्हणाले, "माइक राहू दे तिथंच, फक्त बंद राहू दे." भैरवीपर्यंत तसंच झालं. ठरलेले पैसे मामानं पूर्ण घेतले, हे मला आजही पटलेलं नाही.

ही गोष्ट मी घरी इतक्यांदा सांगितलीय की नात मधेच "तीव्र मध्यम" म्हणून मोकळी होते.

पत्रलेखक म्हणतात, पूर्वीच्या लोकांना कान होते. मला तसं वाटत नाही. पूर्वीच्या लोकांना निवड नव्हती. गावात एक कर्णा, त्यातून जे येईल ते सगळ्यांनी ऐकायचं. म्हातारीला फिल्मी गाणं, पोराला अभंग, कानडीवाल्याला नाट्यगीत, मराठीवाल्याला पारिजात. निम्मं नावडायचं, पण कानावर पडून पडून ओळखीचं व्हायचं, आणि ओळखीचं झालं की कधीतरी आवडायचं. आमच्या दुकानातही बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर बिनाका लागायची म्हणून पोरं मामाचं धारवाड फिरवायची, आणि गीतमाला संपली की मामा काटा परत धारवाडवर आणायचा. दोघांनीही दोन्ही ऐकलं, करवादत का होईना. आता घरात पाच माणसं आणि दहा कानांत पाच वेगळी गाणी. कान आहेत, चांगले आहेत, पण दारं आतून लावलेली आहेत. (सीमाभागातल्या संगीताचं कुणी भाषण करायला उभं राहिलं की पाच मिनिटांत "कानडा विठ्ठलु" काढतो. मी काढणार नाही. त्या बिचाऱ्या ओळीचा आता पार भुगा झालाय.)

मुलगा लाइन अ‍ॅरे लावतो, म्हणजे एकाखाली एक टांगलेले स्पीकर. सब-वूफर, टॉप, मिक्सर, सगळं हप्त्यांवर. मी त्याला एकदा विचारलं, बेस एवढा कशाला रे ठेवूलास? म्हणाला, "बाबा, लोकांना कानात नको, छातीत पाहिजे." उत्तर आवडलं नाही, पण खोटं म्हणता येईना. मामालाही लोक "अजून वाढव" म्हणूनच सांगायचे. २०१६ ला सैराट आला त्या मे महिन्यात एका रात्री काम आटोपून तो घरी आला आणि म्हणाला, बसा, एक ऐकवतो. बेस पार खाली आणला आणि त्यातली व्हायोलिनं ऐकवली. अजय-अतुलनं हा वाद्यमेळ अमेरिकेत लॉस एंजेलिसला जाऊन रेकॉर्ड केला, हे त्यानंच मला सांगितलं. त्या रात्री मला कळलं की माझ्या पोराला खालीवर सगळं ऐकू येतं, सुपारीत मात्र तो एकच विकतो. मी तरी काय वेगळं केलं होतं? पुढच्या वर्षी त्या चित्रपटाची कानडी आवृत्ती आली, मनसु मल्लिगे, संगीत त्यांचंच. मग नवरी खानापूरची आणि नवरदेव गोकाकचा अशा एका हळदीत मुलानं झिंगाट आधी मराठीत लावलं, मग कानडीत, आणि दोन्ही वेळा दोन्हीकडची मंडळी नाचली. मी कोपऱ्यात खुर्चीवर होतो. माझा डावा कान आता जवळजवळ गेलाय. सत्तेचाळीस वर्षं मी अ‍ॅम्प्लिफायरच्या उजव्या बाजूला बसलो, कर्णा डावीकडं. डॉक्टर म्हणाले, वरचे आवाज आधी जातात. म्हणजे पोराचा बेस मला दोन्ही कानांनी ऐकू येतो आणि व्हायोलिन फक्त उजव्या.

नातीचं आणखी निराळं. इंजिनिअरिंगला आहे. गेल्या जूनमध्ये स्वयंपाकघरावरचं एक कौल सरकलं आणि ओट्यावर धार लागली. बायको घमेलं सरकवत होती, मी शिडीवर. ही पोरगी इयरफोन लावून हसूलीय. म्हटलं, काय हसतेस, खाली उतरून देऊ काय एक? तर तिनं फोनवरचं गाणं मोठ्यानं लावलं. गिटार, ढोल, आणि कुणी तरुण कानडीत ओरडून गातोय, "सोरुतिहुदु मनेय माळिगी". घराचं छप्पर गळतंय. रघू दीक्षित म्हणून बेंगळूरूचा गायक, २००८ चं रेकॉर्डिंग. तिला वाटलं, नवं गाणं आहे. मी शिडीवरूनच पुढचा शब्द म्हटला, "अज्ञानदिंद". अज्ञानामुळं गळतंय. ती बघतच राहिली. "आज्जा, तुला हे कसं ठावं?"

मला ठावं नसून कसं चालेल? शिशुनाळ शरीफसाहेबांचं पद आहे ते. १८१९ ते १८८९, हावेरीकडचा मुसलमान साधू, गुरू ब्राह्मण, गोविंदभट्ट. माझ्या धंद्याच्या पहिल्या दहा वर्षांत कानडी भजनाच्या फडात हे पद मी पन्नासदा तरी ऐकलंय. पण खरी गंमत पुढं. बायकोनं घमेलं खाली ठेवलं आणि तिच्या माहेरची चाल म्हणून दाखवली. गिटार नाही, ढोल नाही, हाताशी पितळी तांब्या होता, त्यावर बोटानं ठेका. चाल इतकी संथ की छप्पर खरंच थेंबाथेंबानं गळतंय असं वाटावं. नातीनं आधी एक इयरफोन काढला, मग दुसरा. तिनं बायकोचं गाणं फोनवर घेतलं. मी वरच होतो, कौल हातात. दीडेक तास मला कुणी खाली उतर म्हटलं नाही.

त्या दिवसापासून आमच्यात एक करार आहे. रात्री जेवण झालं की तिचं एक आणि आमचं एक. मुलगा कामावर नसला तर त्याचंही. अट एवढीच की मधे उठायचं नाही, म्हणजे स्पीकरवाल्याचाच नियम. मी तिला अब्दुल करीम खाँसाहेबांची ती झिंझोटी ऐकवली. ऐकून झाल्यावर म्हणाली, "एवढंच? तीन मिनिटं? हे तर रीलसारखं झालं." मी हसलो, पण जुन्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, हे तिला सांगितलं. मोठमोठ्या गवयांनी रात्रभराचं गाणं तीन मिनिटांत बसवलं होतं हे ऐकून तिनं ते परत लावलं. नाट्यगीत तिला चालत नाही. एकच ओळ किती वेळा म्हणतात, म्हणते. रॅप मला चालला नाही. थोडा कीर्तनकाराच्या झपाट्यासारखा वाटला, पण कीर्तनकार शेवटी कुठं तरी पोचतो. भीमसेनांनी गायलेलं पुरंदरदासांचं "भाग्यदा लक्ष्मी बारम्मा" चौघांनाही चालतं. तेवढं एकच.

माझ्याकडं नव्वदेक कॅसेट आहेत. अ‍ॅम्प्लिफायरमधून वायर काढून मी भरलेल्या. बैठका, भजनं, पारिजात, दोन-तीन ऑर्केस्ट्रा. त्यातल्या निम्म्यांवर बुरशी आलीय. बेळगावचा पावसाळा कॅसेटला मानवत नाही. आणि काहींवर मी स्वतःच पाणी फिरवलंय, तेही सांगतो. एका सीझनला कोऱ्या कॅसेट मिळेनात, तेव्हा लग्नाच्या गाण्यांसाठी मी बैठकीच्या कॅसेटवर टेप मारला. आता त्या लावल्या की दहा मिनिटं मारवा चालतो आणि एकदम "नवरदेवाच्या मामांनी स्टेजकडं यावं". नात एक एक कॅसेट फोनवर उतरवूलीय. परवा एकीच्या सुरुवातीला मामाचा आवाज निघाला. "हॅलो, हॅलो, एक, दोन", मग थोडं थांबून, "कोणतं गाव रे हे?" मी मागून सांगतोय, "यमकनमर्डी", आणि मग मामा, "ओंदु, एरडु, मूरु". मामाला जाऊन एकतीस वर्षं झाली.

आता मूळ मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. पत्रलेखकांनी रात्रभराच्या बैठका संपल्याचं दुःख केलंय आणि खापर आमच्यावर फोडलंय. पण त्या संपल्या त्या नियमानं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद. सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये ते आणखी घट्ट केलं. पुण्यात १९५३ पासून रात्र रात्र चालणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवालाही वेळा बदलाव्या लागल्या, मग आपली काय कथा. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. माझ्या घरामागं लग्नाचा हॉल आहे. पण त्यामुळं झालं काय, तर पंचविशीच्या आतल्या पोरांनी पहाटेचा राग पहाटे ऐकलेलाच नाही. फोनवर ऐकतात, दुपारी, बसमध्ये. १९७८ साली मी मीटरगेजच्या गाडीनं मिरजेला गेलो होतो, खाँसाहेबांच्या नावानं दर्ग्यात उरुसाला गाणं असतं तिथं, कामाला नव्हे, नुसता ऐकायला. चिंचेच्या झाडाखाली बसलो. पहाटे साडेचारच्या सुमाराला कुणीतरी ललत सुरू केला. झाडावरचे कावळे जागे होईपर्यंत चालला. ललतात दोन्ही मध्यम लागतात, शुद्ध आणि तीव्र, शेजारीशेजारी. पाच वर्षांनी शहापुरात माझ्या माइकनं शिट्टी मारली तेव्हा मला हेच आठवलं. ती तिथं खपली असती.

त्याच नियमात एक गोष्ट आहे, ती लोक वाचत नाहीत. बंद सभागृहाला दहाची बंदी लागत नाही. म्हणजे चार भिंतींच्या आत रात्रभर गाता येतं. आणि माइकच नसेल तर स्पीकरचा प्रश्नच मिटला. शहरात हॉलना तोटा नाही. नेहरूनगरला तर कुमार गंधर्वांच्या नावाचं रंगमंदिर उभं आहे. पण मला एवढं मोठं नको. शंभर माणसांची, लाकडी तक्तपोशीची, दारं लावली की बाहेरचं ट्रॅफिक ऐकू न येणारी जागा पाहिजे. येत्या पौषात एक रात्र. दहाला सुरू, उजाडल्यावर बंद. माइक नाही. पहिल्यांदा तरुण पोरांनी गावं, गिटार आणली तरी चालेल, वायर लावायची नाही. मग भजन, मग पारिजातातला एखादा प्रवेश, कानडीतच, भाषांतर न करता. मध्यरात्रीनंतर ख्याल, आणि पहाटे ज्याला ललत नीट येतो त्यानं तो गावा. गाणाऱ्यांना मानधन द्यायचं, फुकट बोलवायचं नाही. सत्तेचाळीस वर्षांत "तुमच्या नावाची जाहिरात होईल" म्हणून मला बुडवणारे पुष्कळ भेटले.

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतून तंबोऱ्याची जोडी एका रात्रीपुरती आणायची जबाबदारी माझी. चहा मुलगा सांभाळेल, डीजेवाला असला तरी चहा मंद आचेवर करतो. टिळकवाडीच्या पत्रलेखकांना पहिल्या रांगेतली जागा राखून ठेवतो. अट तीच, मधे उठायचं नाही.

जागा देणारे, गाणारे आणि जुन्या कॅसेट असणारे यांनी आपल्या कार्यालयात चिठ्ठी ठेवावी, मी मंगळवारी येऊन नेईन. कॅसेटवर आधीच लग्न भरलेलं असलं तरी लाजू नये. घरी यायचं असेल तर पत्ताही कार्यालयात दिलेला आहे. बेल वाजवत उभं राहू नका, ती डाव्या बाजूला आहे. दार नुसतं लोटलेलं असतं.

आपला,
एक जुना स्पीकरवाला,
वडगाव, बेळगाव